इसार

परताव्याच्या खिडकीवर बसते मी, नानतालीत,
बंदरामागच्या दुसऱ्या गल्लीतलं हत्यारांचं दुकान.
पाठीशी रंगाचे डबे, समोर घंटी,
घंटीखाली चिठ्ठी: एकदाच वाजवा.

त्याने वाजवलीच नाही.
टोपी काढून उभा राहिला,
लांबलचक रांगेतला शेवटचा असल्यासारखा,
आणि रांग नव्हतीच.

पैसे ऑगस्टात भरलेले. आगाऊ, रोख.
तेव्हा स्वस्त पडतं. भर उन्हाळ्यात
बर्फ पाडायचं गिरमिट कोण घेतं?
हा घेतो. हाताने फिरवायचं, सहा इंची पात्याचं,
एकोणनव्वद युरो पंच्याण्णव सेंट.
माल नोव्हेंबरात यायचा, तो आला जानेवारी सरताना.
आम्ही दोनदा निरोप धाडला. हा फिरकला नाही.
आज मार्चची नऊ तारीख.

"नाव?"
"आर्व्हो लेहतिसालो."
आमच्याकडे आर्व्हो म्हणजे किंमत.
मी मान खाली घालून टाइप केलं.

पावती त्याने चष्म्याच्या डबीतून काढली.
चार घड्या. उलगडली, तर कोरी.
या कागदावरची अक्षरं उडतातच,
उन्हाने, घामाने, नुसत्या दिवसांनीही.
"खिशातच होती कायम," तो म्हणाला,
जसं काही कागदाने त्याला फसवलं होतं.

यंत्र कारण विचारतं. कारणाशिवाय पान उलटत नाही.
माल सदोष. माप चुकलं. मन बदललं.
"मन नाही बदललं," तो म्हणाला.
"खाडी गोठली नाही."

हे मलाही ठाऊक होतं.
डिसेंबरात काठाला जरा साय धरली होती,
ती पावसाने खाल्ली.
नंतर सगळा हिवाळा बदकं पोहत होती, निर्लज्जासारखी.

वर मिर्काला फोन लावला.
साठ दिवस कधीच उलटले, ती म्हणाली, गिफ्ट कार्ड दे.
मी ते त्याला सांगितलं.
तो चिडला नाही. विचारात पडला.
"त्या कार्डाचे दोन तुकडे होतात का?"

गिरमिट दोघांचं होतं. अर्धं उर्पोचं.
एकतीस वर्षं एका भोकावर दोन गळ,
दोन उपड्या बादल्या, मधे एक थर्मास,
आणि बोलणं जवळजवळ नाहीच.
आता उर्पो तुर्कूला, लेकीकडे, चौथ्या मजल्यावर.
"लिफ्ट आहे," आर्व्हो म्हणाला,
आणि पुढे काहीच बोलला नाही.

मी नियमांची फाइल काढली.
नऊ वर्षं इथे बसते, कधी शेवटपर्यंत वाचली नव्हती.
मुदत मोजायची ती माल गिऱ्हाइकाच्या हाती पडल्यापासून.
माल तर आमच्याच मागच्या खोलीत,
खोक्याची चिकटपट्टीही न फाडलेला.
मिर्का जरा वेळ गप्प. मग: "बरं. पण कारण काय घालतेस?"

'इतर' दाबलं.
'इतर'मध्ये वीस अक्षरं मावतात.
खाडी गोठली नाही.
जागा उरली.

त्याने दोन पाकिटं आणलीच होती.
एकावर उर्पोचं नाव, दुसरं कोरं.
चव्वेचाळीस पंच्याण्णव यात, चव्वेचाळीस पंच्याण्णव त्यात,
आणि काउंटरवर उरलं पाच सेंटचं एक नाणं.
दोघेही त्याच्याकडे बघत राहिलो.

"याची वाटणी होत नाही," मी म्हटलं.
"ठेवा," तो म्हणाला. "पुढच्या हिवाळ्याचा इसार."
टोपी घातली, आणि जाता जाता
घंटी वाजवली. एकदाच.

संध्याकाळी गल्ला पाच सेंट जास्त भरला.
यंत्राने कारण विचारलं.
मी नाणं उचललं, मागच्या खोलीत गेले,
खोक्याच्या फटीतून आत सोडलं.
पात्यावर आपटल्याचा बारीकसा आवाज आला.
खोक्यावरचं त्याच्या नावाचं लेबल
उद्या काढायचं आहे.